बिनदांड्यांच्या टपावर दोन सायकली

आपला मुलगा एकतिसाव्या वर्षीही कुठल्याच खुर्चीवर एकदम बसत नाही, ही काळजी आईच्या मनातून काही केल्या जात नसे. आधी तो खुर्चीची पाठ धरून हलवून बघे, मग बैठकीवर तळवा दाबे, मग अर्धवट टेके, आणि एवढं होऊनही खुर्ची उभी राहिलीच तर बसे. तीही घरचीच खुर्ची, जिच्यावर बसून तो वीस वर्षं जेवत आला होता.

"लोकांकडे गेल्यावर तरी नीट बसत जा रे," आई म्हणे. "त्यांना वाटतं, हा खुर्ची विकत घ्यायला आलाय."

"पडलो तर हसतील तेच लोक," तो म्हणे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड जन्मात कधी पोळलं नव्हतं, तरी हा ताकाचं रिकामं भांडंसुद्धा फुंकत होता. लहानपणी शाळेतल्या झोक्यावर तो आधी दप्तर बसवायचा, दप्तराला दहा झोके द्यायचा, आणि दप्तर सुखरूप खाली उतरेपर्यंत मधली सुट्टी संपलेली असायची. बिचाऱ्या दप्तराने मात्र बालपण मनसोक्त उपभोगलं.

माणसाला त्याच्या स्वभावाचा पगार मिळतो असं फार थोड्यांच्या बाबतीत घडतं. याच्या बाबतीत घडलं. तो लिफ्ट तपासनीस झाला. सकाळी बॅटरी, पाना आणि फॉर्मांची जाड फाइल घेऊन निघायचा, दिवसभर लोकांच्या इमारतींमध्ये लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून वरखाली करायचा, आणि संध्याकाळी ग्रीसचे हात तीनदा धुऊन जेवायला बसायचा. अर्थात खुर्चीची तपासणी झाल्यावर. कचेरीत त्याला 'खात्रीसाहेब' म्हणत. नऊ वर्षांच्या नोकरीत त्याने पास केलेल्या एकाही लिफ्टने कुणाला दगा दिला नव्हता, आणि नऊ वर्षांत त्याला एकाही माणसाने धन्यवाद दिले नव्हते. चालू असलेल्या लिफ्टबद्दल तपासनिसाचे आभार कोण मानतो? बंद केलेल्या लिफ्टबद्दल शिव्या मात्र सगळे देतात.

अशीच एक लिफ्ट त्याने बंद केली, त्या इमारतीत चौथ्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. तो पुन्हा पाहणीला आला तेव्हा डॉक्टरीण हातमोजे तसेच ठेवून चार जिने उतरून खाली आली.

"माझ्याकडे लोक दात दुखतो म्हणून येतात," ती कडाडली, "आणि गुडघे दुखतात म्हणून परत जातात! नऊ दिवस झाले!"

खात्रीसाहेबाने तिला लिफ्टपाशी नेलं. त्याने बॅटरी पेटवली आणि लिफ्टचा दोर दाखवला. वरून चकचकीत, आतून एकेक तार तुटून फुललेली. डॉक्टरीण वाकून बघत राहिली.

"हे तर मुळापासून किडलंय," ती म्हणाली. मग सरळ उभी राहत म्हणाली, "बरं केलंत बंद केलीत ते."

त्या संध्याकाळी तो घरी आला आणि खुर्चीवर एकदम बसला. आईच्या हातातला पेला पडता पडता राहिला.

महिनाभरात डॉक्टरीण फोनवर 'अहो'वरून 'अरे'वर आली. तिला सायकलचा नाद होता. यानेही एक सायकल घेतली, तिचे ब्रेक आठ दिवस तपासले आणि मग चालवली. एके दिवशी ती म्हणाली, धरणाच्या काठाने फार सुंदर रस्ता आहे, रविवारी पहाटे जाऊ. तिथपर्यंत पस्तीस किलोमीटर नुसत्या ट्रकचा रस्ता, म्हणून सायकली तुझ्या गाडीवर टाकू. "एक रॅक बघ ना," ती म्हणाली.

'एक रॅक बघ ना' हे वाक्य दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर त्याने दुकानात जाऊन एक रॅक बघितला असता.

खात्रीसाहेबाची गाडी जुनी, छोटी, आणि टप अंड्यासारखा गुळगुळीत. काही गाड्यांच्या टपावर दोन्ही बाजूंना लांब दांड्या असतात, त्यांना रॅक चटकन अडकवता येतो. या गाडीला तसलं काही नव्हतं. त्याने नवी फाइल केली, तिच्यावर 'भारवहन: टप' असं लिहिलं, आणि आईने ओळखलं की हे घोडं आता लवकर गंगेत न्हात नाही.

पहिल्यांदा तो दुकानात गेला तेव्हा आईलाही घेऊन गेला. दुकानदार मोकळा माणूस होता.

"डिकीला अडकवायचा घ्या साहेब. सहा पट्टे, सहा आकडे, पाच मिनिटांचं काम."

"आकडा कशाला धरतो?"

"डिकीच्या दाराच्या कडेला."

"आणि डिकीचं दार कशाला धरतं?"

"बिजागरीला."

"बिजागरीचा कारखान्याचा दाखला आहे?"

दुकानदाराने आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं.

"शिवाय मागचा नंबर झाकला जाणार," खात्रीसाहेब म्हणाला. "मागच्याला आपण कोण ते कळणार नाही."

"साहेब, मागच्याला तुम्ही कोण ते कळून काय करायचंय?" दुकानदार म्हणाला. "बरं, हा बघा. रबरी कपांचा. टपावर दाबा, हवा ओढा, गच्च बसतो. गाडीला ओरखडा नाही."

तो त्याने आठ दिवसांच्या बोलीवर घरी आणला. कप कुठल्याही गुळगुळीत पृष्ठभागावर चिकटतो असं खोक्यावर लिहिलेलं होतं. 'कुठल्याही' म्हणजे नेमकं कुठल्या, हे पाहायला त्याने एक कप खिडकीच्या काचेला लावला, एक न्हाणीघरातल्या फरशीला, आणि एक फ्रीजला. अर्धा दारावर आणि अर्धा कडेच्या पत्र्यावर, कारण फटीवर काय होतं तेही बघायचं होतं. खिडकीवरचा दोन तासांत सुटला. न्हाणीघरातला रात्रीत सुटला. फ्रीजवरचा सुटलाच नाही. दोन दिवस फ्रीज उघडेना. तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, "मला आता दूध नको, फ्रीज नको, फक्त हे घर नको."

वडील शाळेत गणिताचे मास्तर होते. तीस वर्षं त्यांनी पेपर तपासले आणि एकाही मुलाला शंभरपैकी शंभर दिले नाहीत. "उत्तर बरोबर आहे, पण समास सोडला नाही," असं म्हणून ते अर्धा गुण कापत. मुलगा कुणावर गेला, हा प्रश्न या घरात कधी पडला नव्हता.

फटीतून हवा आत शिरते हे गृहीत धरलेल्या खात्रीसाहेबाला फ्रीजवरच्या कपाने गोंधळात टाकलं. सुटायचा तो सुटत नाही आणि टिकायचा तो टिकत नाही, तर अशा वस्तूवर भरवसा कसा ठेवायचा? रॅक परत गेला.

मग आले फुगवायचे ठोकळे. टपावर दोन लांब ठोकळे ठेवायचे, पट्टे गाडीच्या आतून फिरवून करकचून आवळायचे. पट्टे आवळल्यावर आत कुरकुर होते का ते ऐकायला त्याने आईला मागच्या सीटवर बसवलं, चारही दारं लावून घेतली, आणि पट्टे खिडक्यांमधून ओवले. आवळून झाल्यावर आईने दार उघडायला हात घातला तर दार जागचं हलेना. पट्ट्यांनी चारही दारं गाडीला बांधून टाकली होती.

"अरे, पट्टे उघड्या दारांतून घ्यायचे असतात! मी अडकले!"

"हो, आता लक्षात आलं," तो खिडकीतून वाकून म्हणाला. "पण चाचणी एक तासाची आहे, आई. आता सोडलं तर परत पहिल्यापासून. आणि तू आत आहेस ते बरंच झालं. आवाज ऐक."

आईने आवाज ऐकला. शेजारची बाई खिडकीपाशी येऊन गेली, तिच्या सासूच्या पाठीचं दुखणं सांगून गेली. वडिलांनी चहाचा कप खिडकीतून आत दिला आणि विचारलं, "परत येताना काय काय आणशील?" तासाभराने आई बाहेर आली तेव्हा तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि तिच्या साक्षीवर मुलाने फाइलमध्ये लिहिलं होतं: 'कुरकुर: दोनदा. पैकी एक साक्षीदाराची.'

असे चार महिने गेले. दर रविवारी डॉक्टरीण विचारायची, दर रविवारी हा म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात नक्की." आईला रात्रीची झोप लागेना. फाइल जाड होत होती आणि डॉक्टरिणीचे फोन पातळ. शेवटी आईने एक काम केलं. तिचा एकही दात दुखत नव्हता. तरी ती दात दाखवायला गेली.

डॉक्टरिणीने नाव वाचलं, आईकडे नीट पाहिलं, आणि म्हणाली, "आ करा, काकू."

आईने आ केला. आरसा आणि आकडा तोंडात गेला आणि आईच्या लक्षात आलं की आपण बोलायला आलो ते फार चुकीच्या ठिकाणी.

"तुमच्या मुलाला माझ्याबरोबर यायचं नाहीये का, काकू?"

"आँ आँ," आई म्हणाली.

"नसेल तर तसं सांगावं. रॅक, रॅक, रॅक. चार महिने! माझी लॅब आहे ना, दातांच्या कवळ्या करून देणारी, तिथला माणूस दर आठवड्याला विचारतो. त्याच्या गाडीच्या टपाला दांड्या आहेत. कारखान्यातूनच आलेल्या. मी अजून नाही म्हणतेय. पण किती दिवस म्हणू? मागे एक दाढ थोडी किडलीय हं. भरून टाकू."

"आँ!" आई कळवळली, दाढेसाठी नव्हे.

अर्धा जबडा बधिर झालेली आई तिरकं बोलत घरी आली आणि मुलाला म्हणाली, "लॅबवाल्याफ्या गाडीला दांड्या आहेत!" एवढं एकच वाक्य. पण त्या वाक्याने काम केलं. त्याच आठवड्यात खात्रीसाहेबाने रॅक घेतला. दोन आडव्या पट्ट्या, चार पाय. प्रत्येक पाय दाराच्या वरच्या फटीत कडेला घट्ट पकडणारा, खास त्याच गाडीसाठी केलेला. त्याने तो नेमका हवा तेवढाच आवळणाऱ्या पान्याने बसवला. मग लिफ्टच्या नियमाप्रमाणे सव्वापट भाराची चाचणी झाली: दोन सायकलींच्या वजनाच्या सव्वापट वाळू, पोत्यांत भरून टपावर. चौकातून दहा फेऱ्या. लोकांना वाटलं पूर येणार आहे आणि सरकारी माणूस बांध घालायला निघालाय. दोघांनी तर पोती कुठे मिळतात ते विचारलं.

रॅक हलला नाही. केसभरही नाही.

आईने सुटकेचा निःश्वास सोडला. "चला! या रविवारी जा आता."

"जाईन. दाखला मिळाला की."

"कसला दाखला?"

"आई, रॅक मी बसवलाय. जो बसवतो त्याने पास करायचं नसतं, हा पहिला नियम आहे. आपलं काम आपल्याला बरोबरच दिसतं. दुसऱ्या कुणीतरी तपासायला हवं."

"मग तुझ्या कचेरीतलं कुणी बोलाव."

"ते हसतील."

आईने तोंडावर पदर धरला नाही, कारण ती सलवार-कमीज घालत असे; पण धरावासा वाटला. आणि तिथेच तिच्याकडून चूक झाली. ती म्हणाली, "मग बाबांना सांग."

वडिलांनी चष्मा पुसला. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी त्यांच्या हातात लाल पेन आलं. फॉर्म अर्थातच लिफ्टचा होता, कारण खात्रीसाहेबाकडे दुसरा नव्हता. वडील गाडीभोवती फिरले, टपावर टकटक केली, आणि एकेक रकाना वाचत गेले.

"आपत्कालीन घंटा?"

"बाबा, ते लिफ्टसाठी आहे."

"फॉर्ममध्ये रकाना आहे. घंटा आहे की नाही?"

"नाही."

"नाही," वडिलांनी लिहिलं. "कमाल माणसांची संख्या दर्शनी भागी लावली आहे का?"

"टपावर माणसं कशी बसतील?"

"मग शून्य असं लावायला हवं. वीज गेल्यास आतला दिवा?"

"अहो," आई म्हणाली, "तुम्ही टपावर दिवा कसला शोधताय?"

"मी शोधत नाहीये. नाही तेच लिहितोय." वडिलांनी बेरीज केली. "नापास. पण हस्ताक्षर चांगलं आहे."

दुसऱ्या कुठल्याही घरातल्या मुलाने हा कागद फाडला असता. या मुलाने तो फाइलला लावला. रॅकवर सायकलची घंटा बसवली. 'कमाल भार: सायकली २, माणसे ०' अशी पाटी रंगवून लावली. एक छोटा दिवाही लावला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे नाकापेक्षा दुकान जड झालं. मग तो वडिलांसमोर उभा राहिला.

"फेरतपासणी पंधरा दिवसांनी," वडील म्हणाले. "तुझ्याच फॉर्मच्या मागे छापलंय."

"हो, छापलंय," मुलगा म्हणाला, आणि दोघेही एकमेकांकडे समाधानाने बघत राहिले.

शनिवारी दुपारी डॉक्टरिणीचा निरोप आला. मुलाने तो आईला वाचून दाखवला नाही, नुसता फोन तिच्यासमोर टेबलावर ठेवला. 'उद्या सकाळी सहाला निघतेय. तू येणार की मी त्याच्या गाडीतून जाऊ? एवढं आज सांग. पुन्हा विचारणार नाही.'

"अरे, मग सांग ना येतो म्हणून!"

तो खुर्चीची पाठ धरून उभा होता. आज त्याने ती हलवूनही पाहिली नव्हती.

"नापास झालेल्या रॅकवर?"

"नापास कुणी केलंय? तुझ्या बापाने! त्या माणसाने लग्नाच्या वेळी माझ्या सहीचे मार्क कापले होते!"

"नुसतं अक्षर खालीवर होतं," आतून वडील म्हणाले.

"आई, माझी एकट्याची सायकल असती ना," मुलगा हळू म्हणाला, "तर मी सुतळीने बांधून नेली असती. पडली असती तर पडली असती. पण वर तिची असणार. आणि आत ती." त्याने खुर्चीची पाठ सोडली. "मी बसवलंय, म्हणून मला ते चांगलंच दिसतंय. तिला घेऊन जायचंय म्हणून आणखीच चांगलं दिसतंय. अशा वेळी मी स्वतःवर कसा विश्वास ठेवू? ती लॅबवाल्याबरोबर गेली तर सुखरूप तरी जाईल. त्याच्या दांड्या कारखान्यातल्या आहेत."

एवढं बोलून तो बाहेर गेला आणि गाडीच्या टपावरचा रॅक पुसत बसला.

आई तशीच बसून राहिली. एकतीस वर्षं ती समजत होती की या पोराला पडायची भीती वाटते. त्याला स्वतः पडायची भीती नव्हतीच. आणि हे त्या डॉक्टरिणीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला बिचारीला वाटत होतं, हा टाळतोय.

आईने फाइल ओढून घेतली. कॉलेजात तिने कायद्याच्या पुस्तकांत नापास होता होता पास होण्याइतकं डोकं घातलं होतं, ते आज उपयोगी पडलं. फॉर्मच्या मागे बारीक अक्षरांत नियम होते. पंधरा दिवसांची अट सातवी होती. 'त्याच तपासनिसाकडून फेरतपासणी पंधरा दिवसांच्या आत करता येणार नाही.' आईने तो नियम बोट ठेवून दोनदा वाचला. त्याच तपासनिसाकडून.

"अहो!" ती ओरडली. "दुसऱ्या तपासनिसाने केव्हाही केलं तर?"

 आतून पेपरची घडी घातल्याचा आवाज आला.

"चालतं," वडील म्हणाले. गणिताच्या मास्तराला खोटं बोलता येत नाही. "पण तपासनीस हवा बाहेरचा. बसवणाऱ्याचा आणि त्याचा नात्याचा संबंध नको. आता नको, म्हणजे," ते थोडं थांबले, "पुढचं पुढे."

आईने फॉर्म पुन्हा उलटला. अगदी खाली एक रकाना होता, 'भाराचा मालक, संपर्कासह'. मुलाने तो नीटस अक्षरात भरला होता. दोन ओळी. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव. दुसऱ्या ओळीत डॉक्टरिणीचं, आणि तिचा नंबर.

सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या तोंडात हात घालून कुठलं काय हलतंय, कुठे फट आहे, आतून काय पोकळ झालंय हे बघायचं, हाच तिचा धंदा. एवढी लायक तपासनीस शहरात दुसरी कुठे मिळणार? आणि भार तिचाच. तिने आज संध्याकाळी यावं, टपाला धरून हलवावं, हलत नसेल तर सही करावी. हलत असेल तर तसं तोंडावर सांगावं. त्याला खरं उत्तर मिळेल, तिलाही मिळेल.

बाहेरून रॅकवरची घंटा वाजली. वीस मिनिटांत तिसऱ्यांदा. घंटा चालू आहे की नाही, ते तो बघत होता.

पोरगा रागावेल. रागावू दे. तो खोलीत येऊन 'आई, आधी विचार करू' म्हणायच्या आत हे व्हायला हवं होतं. या वेळी तिच्या तोंडात आरसा नव्हता, आकडा नव्हता, जबडा चांगला जागा होता. काय बोलायचं ते तिने जुळवलं नाही. तिने मुलाच्या अक्षरातल्या त्या आकड्यांखाली बोट धरलं आणि एकेक आकडा, एकदाच बघून, दाबायला सुरुवात केली.